गेम द्या, पण शेजारी बसा

संपादक महाशय, स.न.वि.वि.

सुट्ट्या लागल्या की पेपरात 'मुलांना स्क्रीनपासून लांब ठेवा' असं छापून येतं. बरोबरच आहे, पण मे महिन्यात नागपुरात भर दुपारी पोट्ट्यांना पाठवायचं कुठे? कूलरसमोर बसून ते काही ना काही खेळणारच, मग काय खेळायचं ते आपणच बघून का देऊ नये? मोबाइलवरच्या फुकट गेममध्ये घडीघडी जाहिराती, वरून हे विकत घ्या ते विकत घ्या, आणि पोरगं कोपऱ्यात एकटं.

आमच्याकडे निन्टेन्डो स्विच या टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्रावर 'सुपर मारिओ ब्रदर्स वंडर' खेळतात. मारिओ म्हणजे आपण लहानपणी टीव्हीला कॅसेटवाला गेम जोडून खेळायचो तोच, पहिला १९८५ चा, हा २०२३ मध्ये आला. उड्या मारायच्या, नाणी गोळा करायची, कासवांवर पाय द्यायचा, रक्तबिक्त काही नाही. मधे जाहिरात नाही, पैसे मागत नाही, अनोळखी लोकांशी चॅट नाही.

मला सगळ्यात आवडलं ते हे की एका टीव्हीवर चार जण सोबत खेळू शकतात, आणि त्यात लहान-मोठ्यांचा मेळ बसतो. खेळायला योशी किंवा नॅबिट हे पात्र घेतलं तर शत्रूचा धक्का लागून ते मरत नाही, खड्ड्यात वगैरे पडलं तर मात्र जीव जातो, त्यामुळे पाच वर्षांचं लेकरूही दादा-ताईसोबत टिकतं. योशीच्या पाठीवर दुसऱ्याला बसताही येतं. कोणी मेलं की थोडा वेळ भूत होऊन तरंगतं, तेवढ्यात सोबतच्याने जाऊन हात लावला की परत जिवंत, मग घरात नुसतं 'आई थांब, मी येतो तुला वाचवायला' चालू असतं!

लेव्हल सुरू करायच्या आधी ती किती कठीण आहे ते चांदण्यांनी दाखवतात, एक म्हणजे सोपी, पाच म्हणजे भयंकर. लहानांना एक-दोनवाल्याच द्याव्या, नाहीतर रडारड होते.

आणि पालकहो, जेवायला बोलवताना 'आत्ताच्या आत्ता बंद कर' म्हणू नका, 'ही लेव्हल संपली की ऊठ' म्हणा. बऱ्याच लेव्हल काही मिनिटांच्याच असतात, मुलं ऐकतात. निन्टेन्डोचं पालकांसाठी फुकट अॅप आहे, त्यात रोजची वेळ ठरवून देता येते, तेही लावून ठेवा.

खर्च आहे, नाही असं नाही. पण स्विचसोबत येणारे दोन छोटे जॉय-कॉन, म्हणजे हातात धरायचे कंट्रोलर, आडवे धरले की दोघांचं काम होतं, लगेच वेगळे कंट्रोलर घ्यायची गरज नाही, आणि गेमचं कार्ड खेळून झाल्यावर विकताही येतं.

आपल्या बाल पुरवणीत कोणत्या वयाला कोणता गेम चालेल हे सांगणारं छोटंसं सदर सुट्टीभर तरी द्यावं ही मनापासून विनंती. दुकानात पालक डब्यावरचं चित्र पाहून गेम उचलतात, वय कुठे लिहिलंय ते कोणी त्यांना सांगत नाही.

आपली,
एक पालक, मनीष नगर, नागपूर