पंपहाऊसच्या भिंतीवर आपला दर्या आणणाऱ्या काकांना

आदरणीय रापणकार काका,
सप्रेम नमस्कार.

घरी येऊन आभार मानायला लागले की तुम्ही विषय बदलता आणि चहा ठेवायला सांगता. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते आहे.

गोव्यातल्या मोर्जीच्या किनाऱ्याकडे उतरणाऱ्या वाटेवरचं आमच्या वाड्यावरचं पंपहाऊस कसं होतं ते तुम्हाला माहीत आहे. चिऱ्याची भिंत, सुटलेला गिलावा, शेवाळ, फाटकी पोस्टरं. परवानगी मिळाली, वर्गणी जमली आणि गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मुलं ब्रश घेऊन उभी राहिली. विषय एकच, समुद्र. दुसऱ्या दिवशी भिंतीवर नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे पोहत होते आणि एक कासव होतं, चार नखवाल्या पायांचं. मी चित्रकला शिकवते, आणि मीही त्याला छान म्हटलं होतं.

तुम्ही सायकल थांबवलीत, बराच वेळ बघत राहिलात आणि एवढंच विचारलंत, "हें नुस्तें खंयच्या दर्यांतलें?"

मुलं गप्प झाली. उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. ते मासे टीव्हीतले होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताना रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली आणि तुम्ही बादलीत बांगडे घेऊन थेट भिंतीपाशी आलात. "बेगीन पळयात, रंग वता," म्हणालात. खरंच, तासाभरात चमक उतरली. पण तेवढ्यात मुलांनी पाहिलं ते पाहिलंच. पाठीवरची हिरवट-निळी झाक, तिच्यावरचे काळसर पट्टे, पोटाची चांदी, छातीच्या पराखाली एक काळा ठिपका. आयुष्यभर बांगडा खाल्लेल्या आम्ही तो ठिपका कधी पाहिला नव्हता. मग तारले आले, इसवण आलं, आणि भिंतीवरचे परके मासे मुलांनी आपणहून पुसले.

कासवाचे पाय तुम्ही वाळूत बोटाने काढून दाखवलेत. पाय कुठले, ती वल्हीच. पाठ हिरवी नाही, राखाडी-शेवाळी, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची. मादी वर चढते तेव्हा वल्ह्यांचे ठसे समोरासमोर पडत नाहीत, आळीपाळीने पडतात, हेही तुम्हीच सांगितलंत. आता भिंतीच्या तळाशी तसेच ठसे आहेत.

पण ज्याचे उपकार मला सर्वांत मोठे वाटतात, ती गोष्ट चित्रात दिसतच नाही. भिंत रात्रीही दिसावी म्हणून एका दुकानदाराने मोठा फोकस द्यायचं कबूल केलं होतं. आम्ही सगळे आनंदात होतो. तुम्ही मात्र हात जोडलेत. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं इथे अंडी घालायला येतात, एका घरट्यात शंभराच्या आसपास. वनखातं त्यांना कुंपण घालून राखतं. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं रात्रीची बाहेर पडतात आणि जिकडे उजेड जास्त तिकडे धावतात. काळोख्या किनाऱ्यावर उजळ दिसतो तो समुद्रच. फोकस लावला असता तर कासवाचं चित्र दाखवायला आम्ही कासवाचीच पिल्लं रस्त्यावर आणली असती. अजूनही तो विचार आला की पोटात गोळा येतो. फोकस लागला नाही. दुकानदाराने त्याऐवजी रंगाचे दोन डबे दिले, त्यांचेही आभार.

भिंतीत हवेसाठी ठेवलेल्या जाळीचं काय करायचं, हे कुणालाच सुचत नव्हतं. तुम्ही तिला रापणीची जाळी केलीत आणि तिच्या डोळ्यांतून बारकी पिल्लं बाहेर निसटताना काढायला लावलीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी का बंद असते, हे मी वर्गात अनेकदा सांगितलं आहे. मुलांना ते त्या जाळीपाशी कळलं.

पावसाळ्यात खालची दोन फुटं पोपडे धरून निघाली. ओल भिंतीतून वर चढते आणि प्लॅस्टिक रंग तिला बाहेर पडू देत नाही. "चुनो लायात," हा तुमचा सल्ला यंदा ऐकणार आहोत. तळाला चुना आणि त्यावर हुरमुंजी तांबडी पट्टी, आपल्या जुन्या देवळांच्या काव-चित्रांसारखी.

दिवाळीच्या सुट्टीत काम सुरू होईल. भिंतीवर मुडदुशी मासळी काढायची राहिली आहे. येताना एक घेऊन या, ताजी.

तुमची,
वाड्यावरची बाई आणि सगळी मुलं