साहेब, नुसती गाठ मोजू नका, तिच्या आजूबाजूलाही बघा

मा. आरोग्यमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, गाठींचे ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) कापायचे, स्टेन करायचे म्हणजे रंग द्यायचा, स्लाइड पुढे पाठवायच्या. केमोनंतर ऑपरेशन करून काढलेली गाठ आली की सगळ्यांना एकच हवं असतं, कॅन्सर किती मेला नि किती उरला. त्यात चूक काहीच नाही. पण स्लाइडवर कॅन्सरच्या पेशींच्या अवतीभवती केवढा गोतावळा असतो, फायब्रोब्लास्ट (आधाराचं जाळं विणणाऱ्या पेशी), मॅक्रोफेज नि लिम्फोसाइट (इम्यून पेशी), रक्तवाहिन्या, कोलॅजन या प्रोटीनच्या तंतूंचं जाळं, आणि औषध त्यांनाही लागलेलं असतंच ना? त्यांचं काय झालं ते फारसं कोणी बघत नाही.

लंडनच्या स्टीफन पॅजेट नावाच्या सर्जनने १८८९ मध्येच म्हटलं होतं की कॅन्सरची पेशी म्हणजे बी, आणि ते कुठे रुजणार ते जमिनीवर अवलंबून. आपण इतकी वर्षं बी मारतोय, जमिनीचं, म्हणजे या गोतावळ्याचं, काय होतंय ते आत्ता कुठे बघायला लागलोय.

आणि जे दिसतंय ते सरळ नाही. सायक्लोफॉस्फामाइड हे केमोचं औषध कमी डोसमध्ये दिलं तर इम्युनिटीला आवर घालणाऱ्या रेग्युलेटरी टी पेशी कमी होतात, म्हणजे फायदाच. डॉक्सोरुबिसिन या दुसऱ्या औषधाने कॅन्सरच्या पेशी अशा मरतात की मरता मरता इम्यून सिस्टीमला हाक मारून जातात (मला हे अजूनही भारी वाटतं). पण २०१२ मध्ये सिएटलच्या संशोधकांनी प्रोस्टेट कॅन्सरमध्ये उलटं दाखवलं, केमोने शेजारच्या फायब्रोब्लास्टचा डीएनए बिघडला की ते डब्ल्यूएनटी१६बी नावाचं प्रोटीन सोडायला लागतात आणि त्याच प्रोटीनच्या जोरावर उरलेल्या कॅन्सरच्या पेशी तग धरतात. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाने उंदरांमधल्या गाठीत मॅक्रोफेज जास्त गोळा होतात असंही दिसलंय, आणि ते अडवले तर औषध जास्त चालतं.

हे वाचून कोणी केमो सोडू नका हं, हात जोडून सांगते, केमोने माणसं वाचतात. माझं म्हणणं फक्त एवढंच की तेच औषध, डोस नि वेळ बदलली की जमिनीवर वेगळं वागतं आणि ते आपण मोजत नाही.

सिएटलवाल्यांना ते सापडलं कारण त्यांच्याकडे त्याच पेशंटचं केमोआधीचं आणि नंतरचं असं दोन्ही टिश्यू होतं. मला तुमच्याकडून तेच हवंय साहेब. पेशंटची परवानगी घेऊन दोन्ही वेळचे ब्लॉक नीट जपायचे, त्यातून जास्तीच्या स्लाइड कापून इम्यून पेशी नि फायब्रोब्लास्टही मोजायचे, यासाठी वेगळा फंड द्या, माणसं द्या. आणि जुन्या स्वस्त औषधांचे डोस, वेळापत्रकं तपासणाऱ्या ट्रायलसाठी सरकारी पैसा ठेवा, कारण पेटंट संपलेल्या औषधावर कंपनी कशाला खर्च करेल, तिला त्यातून मिळणार काय?

पॅराफिनमधलं, म्हणजे ब्लॉकच्या मेणातलं, टिश्यू वर्षानुवर्षं टिकतं. आमच्या कपाटात असे कितीतरी ब्लॉक रिपोर्ट गेल्यावर परत उघडलेच गेलेले नाहीत. तुम्ही कधी लॅबला आलात तर केमोआधीची आणि नंतरची स्लाइड शेजारी शेजारी लावून दाखवते, दहा मिनिटं लागतील.

आपली,
एक लॅब टेक्निशियन