खडेबाजारातील मोबाइल दुरुस्तीवाल्या भावास

सप्रेम नमस्कार.

आपले नाव विचारायचे त्या दिवशी राहूनच गेले, म्हणून हे पत्र असे उघडपणे लिहीत आहे. कणकुंबीच्या बाजूने पावसात भिजत बेळगावात आलेली आणि पिशवीतून फोन व चार्जर दोन्ही काढणारी निवृत्त शिक्षिका आपल्याला आठवत असेल.

फोन दुपारपर्यंत बंद पडतो, ही माझी तक्रार आपल्याआधी दोन ठिकाणी ऐकून घेतली होती. खरे तर ऐकून घेतली म्हणणेही जास्तच होईल. एकाने काही न तपासता बॅटरी बदलून पैसे घेतले, आणि चौथ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणे सुरू झाले, तेव्हा दुसऱ्याने थेट नवे फोन दाखवायला सुरुवात केली. आषाढात आमच्याकडे वीज गेली की कधी येईल याचा भरवसा नसतो आणि यजमानांना दमा आहे, एवढे सांगण्याचीही सवड मला मिळाली नाही.

आपण फोन हातात घेतला, कुलूप उघडण्यासाठी तो मला परत दिला आणि मी आकडे दाबेपर्यंत तोंड रस्त्याकडे फिरवून उभे राहिलात. दोन-चार क्षणांचीच गोष्ट, पण माझे मन अजून तिथेच घुटमळते, कारण आधीच्या दुकानात तोच पिन मोठ्याने विचारून पावतीच्या पाठीवर लिहून घेतला होता.

मग आपल्या कानडी वळणाच्या मराठीत ‘मावशी, तुम्हीच दाबा’ म्हणत आपण मला सेटिंगमधील बॅटरीच्या पानापर्यंत नेले. सर्वांत वर नाव होते ते मुलाने पुण्यात बसून माझा फोन हाताळता यावा म्हणून घातलेल्या अॅपचे. मी लगेच त्याच्या नावाने खडे फोडले. आपण मात्र सांगितले, की असे अॅप नुसते वाट पाहत असते तेव्हा फारसे खात नाही, खरा खर्च पडदा दुसरीकडे दाखवताना होतो. पडून असलेल्या फोनला झोपवण्याची सोय अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून आहे, पण संपर्क तुटू नये म्हणून मुलाने या अॅपला त्यातून सूट देऊन ठेवली होती. त्यात आमची जंगलातली रेंज! संपर्क तुटायचा, अॅप तो पुन्हा जोडायला धडपडायचे, आणि रेंज क्षीण असली की फोनला प्रत्येक वेळी जास्त जोर लावावा लागतो. शहरात हेच अॅप कदाचित कुणाला जाणवलेही नसते.

असल्याच एका अॅपच्या आडून खाती रिकामी केली जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये दिला होता. दुसऱ्याच्या फोनमध्ये शिरण्याची वाट हाती असताना मान वळवणारी माणसे आहेत, म्हणूनच आमच्यासारख्यांना दुकानाची पायरी चढण्याचा धीर होतो.

पैसे विचारले तर आपण म्हणालात, ‘बॅटरी चांगलीच आहे, मग कशाचे घेऊ?’

आता मुलगा रविवारी आधी फोन करतो, मग मी ते अॅप चालू करते आणि काम झाले की स्वतःच बंद करते. परवा संध्याकाळी गेलेली वीज दुसऱ्या दिवशी सकाळी आली. मध्यरात्री यजमानांना दम लागला, तेव्हा डॉक्टरांना याच फोनवरून हाक मारता आली.

आपली,
कणकुंबीकडची मावशी