पडलेल्या कमानीची सहल

माननीय संपादक, स. न. वि. वि.

येत्या सप्टेंबरात आम्ही दोघं आठवडाभर माल्टाला निघालोय. एका सहल कंपनीच्या गुळगुळीत पत्रकावर गोझो बेटाची ‘अझूर विंडो’ ही दगडी कमान ऐटीत उभी आहे. ती तर ८ मार्च २०१७ रोजी वादळात समुद्रात कोसळली! फोन केला, तर पलीकडची मुलगी म्हणते, “काका, फोटो प्रतीकात्मक असतो.”

मग मीच वही घेऊन बसलो. हाल सफ्लिएनीचं भूमिगत दफनस्थळ पत्रकात नावालाही नाही. छतावर गेरूची हजारो वर्षांपूर्वीची नक्षी. माणसांच्या श्वासानेही ती बिघडते, म्हणून एका वेळी फक्त दहा जणांना आत सोडतात. तिकिटं कितीतरी आधी काढावी लागतात. खरेदीला मात्र पत्रकात दोन दुपारी राखलेल्या! आणि पिरॅमिडांहून जुनी जगंतियाची मंदिरं ‘फोटो स्टॉप’मध्ये, वीस मिनिटांत.

गोझोला बोटीने जेमतेम पंचवीस मिनिटं लागतात. आम्ही तिथे दोन रात्री ठेवल्या आहेत. कमान नसली तरी जागा बघणारच, सौ.चा हट्ट आहे.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली