नरक काढतेयस ना, मग आग जरा कमी कर

चिऊ,

काल फोनवर तू म्हणालीस की दांतेच्या नरकावर (तोच इटालियन कवी, जो आपल्या काव्यात स्वतःच नरक बघत फिरतो) पाच चित्रं करायचीत आणि आधीच सगळ्यांनी सगळं काढून ठेवलंय, मग मी काय करू. मी नुसतं हं हं केलं कारण तेव्हा काही सुचलंच नाही, आता रात्री झोप येईना म्हणून लिहितेय.

स्केच बघितलं. हात मस्त चाललाय तुझा, पण जिकडेतिकडे ज्वाळाच! अगं त्याच्या नरकात आग आहे, पण तळाला बर्फ आहे. नऊ वर्तुळं उतरलं की कोसायटस नावाचं गोठलेलं तळं, त्यात सैतान छातीपर्यंत रुतलेला, तीन तोंडांनी जुडास (येशूला दगा देणारा) आणि ब्रूटस, कॅशस (सीझरला मारणारे) यांना चावत बसलेला, आणि त्याच्याच पंखांच्या वाऱ्याने ते तळं गोठतं, म्हणजे जितका फडफडेल तितका अजून पक्का अडकणार. हे मला कुठल्याही आगीपेक्षा जास्त भयंकर वाटतं.

आणि "सगळं काढून झालंय" म्हणतेस ना, पाचव्या सर्गातले पाओलो आणि फ्रांचेस्का घे. फ्रांचेस्का पाओलोच्या भावाची बायको, दोघं एकत्र लान्सलॉटची (राणीच्या प्रेमात पडलेल्या सरदाराची) गोष्ट वाचत होते, वाचता वाचता चुंबन घेतलं, आणि नवऱ्याने दोघांना मारलं. आता ते कायमचे वादळात भिरभिरतायत. ती बोलते, तो नुसता रडतो, आणि ऐकून दांते चक्कर येऊन पडतो.

दोरे या फ्रेंच चित्रकाराने (1861, प्रकाशक तयार नव्हता म्हणून स्वतःच्या खिशातून छापलं पठ्ठ्याने) काळोखात ते दोघं पांढरेफटक काढले आणि मागे माणसांचा लोंढाच्या लोंढा. ब्लेक या इंग्रज कवी-चित्रकाराने वादळाचीच पट्टी केली, भोवऱ्यासारखी वळत जाणारी, आत शरीरं गच्च भरलेली, खाली दांते आडवा. ब्लेकने हे काम 1824 ला घेतलं आणि 1827 मधे गेला तेव्हा 102 चित्रं होती, बरीचशी अर्धवट. अर्धवट आहेत म्हणून मला जास्त आवडतात, पण ते माझं.

रोदँ हा फ्रेंच शिल्पकार तर वेगळंच करतो. 1880 मधे त्याला एका म्युझियमचं दार करायला सांगितलं, म्युझियम बांधलंच नाही, हा मात्र मरेपर्यंत म्हणजे 37 वर्षं नरकाच्या दारावर काम करत राहिला. तो हनुवटीला हात लावून बसलेला माणूस, त्याचा प्रसिद्ध "थिंकर", मूळचा त्या दारावरचा दांतेच. आणि पाओलो-फ्रांचेस्काची जोडी त्याने दारावरून काढून टाकली, कारण ते दोघं फारच सुखात दिसत होते! तेच ते त्याचं "चुंबन" नावाचं प्रसिद्ध शिल्प. पाओलोच्या हातात पुस्तक अजून आहे बघ, नीट बघितल्याशिवाय दिसत नाही.

म्हणजे एकाने अंधार घेतला, एकाने वारा, आणि एकाने नरक सुरू व्हायच्या आधीचा क्षण. तिघांच्या समोर मजकूर तोच होता. मी असते तर ते पुस्तक काढलं असतं, खाली पडलेलं, पानं वाऱ्याने उलटतायत, माणसं नाहीतच. पण मला साधी रेघ सरळ येत नाही त्यामुळे माझं किती ऐकायचं ते तूच ठरव.

बर्फाचं एक करून बघ आणि फोटो पाठव. फोन दुपारी नको, मीटिंग आहे.

आई

(बाबा विचारतायत सैतानाला तीन तोंडं तर डोकी किती. एकच डोकं, तीन चेहरे. सांगितलं त्यांना.)