आता माझी फाइल माझ्याकडे

लश्कर, ग्वाल्हेर
8 जून

प्रिय निनाद,

पुण्याला एमएस्सीला येणार का, असं तू विचारलंस की दर वेळी मी ‘बघू’ म्हणतो आणि तू वैतागतोस. फोनवर हे नीट सांगणं होत नाही. शेजारी आई असते, मध्येच खोकल्याची उबळ येते, तू ‘राहू दे, मग बोलू’ म्हणतोस आणि विषय तिथेच राहतो. म्हणून हे पत्र. लांबणार आहे, सवडीने वाच.

यायची इच्छा आहे आणि बाबाही आता तयार आहेत. अडलंय ते माझ्या आजाराच्या, सिस्टिक फायब्रोसिसच्या (सीएफच्या), डॉक्टरांपाशी. मला अठरा पूर्ण झाली आणि दिल्लीला मुलांच्या विभागात माझा नंबर लागायचा बंद झाला. ‘यापुढे मोठ्यांच्या ओपीडीत दाखवा’ एवढं पर्च्यावर लिहून मिळालं. कुठल्या ओपीडीत, कोणाला, कधी, काही नाही. ज्या डॉक्टरांनी मला लहानाचं मोठं होताना पाहिलं, ते त्या दिवशी रजेवर होते. त्यांना नमस्कारसुद्धा करता आला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

दहावीपर्यंत तू माझ्याच बाकावर होतास, त्यामुळे वरवरचं सगळं तू पाहिलंयस. डबा उघडण्याआधी मी कॅप्सूल गिळायचो, पीटीच्या तासाला सावलीत बसायचो, आणि एप्रिलमध्ये माझ्या निळ्या शर्टाच्या पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटायच्या, त्या तू नखाने खरवडायचास. आत काय चाललेलं असतं ते मात्र तुला कधी सांगितलं नाही. सिस्टिक फायब्रोसिस जन्मजात असतो. आईकडे आणि बाबांकडे त्या जनुकाची एकेक प्रत बिघडलेली, पण दुसरी चांगली असल्यामुळे दोघंही ठणठणीत. माझ्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या आल्या. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत ही शक्यता चारात एक असते. पेशीतून क्लोराइड (मिठाचा एक घटक) आणि त्याच्या ओढीने पाणी ये-जा करतं, ती वाट हे जनुक घडवतं. ती वाट बंद पडली की फुप्फुसातला कफ डिंकासारखा चिकट होतो आणि त्यात जंतू मुक्काम ठोकतात. स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात, मग तूप-तेल पचत नाही. त्यासाठी त्या कॅप्सूल. घामातून मात्र मीठ भरमसाट वाहून जातं. घामातलं क्लोराइड लिटरला 60 मिलिमोल किंवा त्याहून जास्त आलं तर निदान जवळजवळ पक्कं धरतात. माझं त्याच्या कितीतरी वर होतं. आणि ही साधी चाचणी होईपर्यंत मला टीबीची औषधं चालू होती, कारण सतत खोकणारं, वजन न वाढणारं मूल दिसलं की आपल्याकडे पहिला संशय टीबीचाच येतो.

मुलांच्या डॉक्टरांकडेच हा आजार का, हे मी मुद्दाम शोधून वाचलं. 1938 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी दगावलेल्या बाळांची शवविच्छेदनं करता करता हा आजार वेगळा ओळखला. पुढे 1948 च्या उन्हाळ्यात तिथे उष्णतेची लाट आली, आणि जी मुलं गळून हॉस्पिटलात आली त्यांत सीएफची मुलं फार होती. त्यावरून डॉ. पॉल दी सांताग्नेस यांनी घाम तपासला आणि मिठाचा उलगडा 1953 मध्ये जगासमोर आला. हे वाचताना मला आपला मे महिना आठवला. लू सुटली की आई मला मीठ-साखरेचं पाणी घेऊन घरभर शोधायची. नववीत मला उलट्या होऊन पायात गोळे आले आणि भरती करावं लागलं, तेव्हा तू वह्या घेऊन आला होतास. ते उन्हाने शरीरातलं मीठ संपल्यामुळेच.

त्या काळी सीएफचं मूल शाळेत जाण्याच्या वयाचं होणंही अवघड होतं, मग मोठ्यांचा विभाग कोण कशाला काढेल? आज अमेरिकेतल्या नोंदींत निम्म्याहून जास्त रुग्ण अठराच्या वरचे आहेत, आणि तिथे त्यांच्यासाठी वेगळी क्लिनिकं आहेत. आपल्याकडे सीएफ नीट जाणणारे डॉक्टर मोजके, आणि त्यांतले बहुतेक बालरोगतज्ज्ञ. आम्ही मोठे होऊ याची तयारी कोणी करून ठेवलेली नाही. निनाद, मला याचा खरंच राग येतो. औषधं घेऊन, कफ सुटावा म्हणून रोज छाती बडवून घेऊन इथवर पोचायचं, आणि पोचल्यावर दार कुठलं हेच कोणाला ठाऊक नसावं.

पहिल्यांदा ज्या मोठ्यांच्या छातीच्या ओपीडीत गेलो तिथलं ऐक. मुलांच्या ओपीडीत सीएफच्या मुलांना एकमेकांपासून लांब बसवायचे, किमान सहा फूट, कारण एकाच्या फुप्फुसातले जंतू दुसऱ्याला भोवतात. इथे एका बाकावर आम्ही खेटून बसलेलो, दोन्ही बाजूंना खोकणारी माणसं. आत गेल्यावर डॉक्टरांनी फाइल न उघडताच विचारलं, ‘बिडी-सिगरेट?’ मग थुंकी टीबीसाठी तपासायला सांगितली. सीएफ म्हटल्यावर ते म्हणाले, ‘वो तो बच्चों में होता है.’ आई बोलायला लागली तर ‘पेशंटला बोलू द्या’ म्हणाले. आणि मला बोलताच येईना. टोब्रामायसिन हे अँटिबायोटिक महिनाभर घ्यायचं आणि महिनाभर बंद ठेवायचं, तर सध्या कुठला महिना चालू आहे, हे मला आईकडे बघून सांगावं लागलं. त्यांचं वागणं तुटक होतं, पण ‘पेशंटला बोलू द्या’ हे वाक्य मात्र बरोबर होतं.

कारण सगळा आजार आईच्या डोक्यात आहे. तिची ती खाकी पुठ्ठ्याची वही तू पाहिली असशील, स्वयंपाकघरात डब्यांच्या मागे असते. तारीख, वजन, कफाचा रंग, ताप, कुठलं अँटिबायोटिक किती दिवस. मधल्या एका पानावर फक्त ‘आज पोळी दीड’ एवढंच आहे, खाली दोन रेघा मारलेल्या. दुसऱ्या खोलीतून माझा खोकला ऐकून ती सांगते की कल्चरला, म्हणजे जंतू तपासायला, कफ पाठवायची वेळ आली, आणि तिचं सहसा चुकत नाही. पण हे पुण्याला माझ्याबरोबर कसं येणार?

मग बाबांच्या ओळखीतून इथल्याच एका छातीच्या डॉक्टरबाई मिळाल्या. त्यांनी आधीच सांगून टाकलं की सीएफचे रुग्ण त्यांनी फारसे पाहिलेले नाहीत, पण त्या वाचतील आणि दिल्लीच्या डॉक्टरांशी बोलतील. आणि त्या खरंच बोलल्या. मला एवढंच हवं होतं. सगळं येतं असं दाखवणाऱ्यापेक्षा विचारून घेणारा डॉक्टर मला शंभर पटीने बरा वाटतो. त्यांनी आईला दहा मिनिटं बाहेर बसायला सांगितलं. आई उठली, पर्स घेतली, दाराशी जाऊन परत माझ्याकडे बघितलं आणि गेली. आजवर मी डॉक्टरांसमोर एकटा कधीच बसलो नव्हतो.

त्या दहा मिनिटांत मला जे कळलं ते तुला सांगतो, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. सीएफ असलेल्या जवळजवळ सगळ्या पुरुषांत बीज वाहून नेणारी नळीच तयार झालेली नसते. बीज तयार होतं, पण बाहेर येत नाही. बाकी संसाराला काही अडचण नसते. मूल हवं असेल तर बीज सुईने काढून आयव्हीएफच्या पद्धतीने होऊ शकतं, आणि बायकोची जनुकतपासणी आधी करून घ्यायची. मला बरेच दिवस झोप लागली नाही. मग वाटलं, हे मला पंधराव्या वर्षीच सांगायला हवं होतं. कोणी लपवलं असं नाही. मुलांच्या डॉक्टरांसमोर मी मूलच होतो आणि शेजारी आई बसलेली. तिच्यासमोर कोण काढणार हा विषय? माझ्या मते बाराव्या-तेराव्या वर्षापासूनच दर भेटीत काही वेळ मुलाशी एकट्याने बोलावं, आणि शेवटच्या एक-दोन भेटी जुन्या आणि नव्या डॉक्टरांनी मिळून कराव्यात. वाढदिवसाच्या तारखेला गेट बंद करणं ही काही पद्धत नाही.

बाईंनी साखरेची चाचणीही केली, ती ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त द्यायची. सीएफमध्ये स्वादुपिंड झिजत जातं, म्हणून वयाच्या दहाव्या वर्षापासून ती दरवर्षी करायची असते, आणि मोठेपणी बऱ्याच जणांना मधुमेह होतो. माझी काठावर आहे. पण इतर मधुमेह्यांसारखं तूप-तळण सोडून चालणार नाही, मला उलट जास्त खायचंय. हे मेसवाल्याला समजावून सांगायचं काम तुझ्याकडे.

आता मी आणि बाई मिळून दोन पानांचा सारांश लिहितोय, म्हणजे पुण्यात कुठल्याही डॉक्टरांसमोर ठेवता येईल. कुठले दोन जनुकदोष आहेत, स्पायरोमेट्रीचा (नळीत फुंकून फुप्फुसांची ताकद मोजतात ती) माझा चांगल्यात चांगला आकडा किती, स्यूडोमोनास हा फुप्फुसातला जंतू कधीपासून आहे आणि कुठल्या औषधाला दाद देतो, कुठल्या औषधाने अंगावर पुरळ आलं, कुठल्या उन्हाळ्यात काय झालं. यातलं निम्मं आईच्या वहीतून उतरवतोय. तिचं अक्षर लावताना अडलं की तिला विचारतो, आणि मग ती त्या दिवसाबद्दल सांगत बसते. परवा आमचं कडाक्याचं भांडण झालं. सकाळी उठल्या उठल्या ‘रंग कसा आहे?’ हे विचारू नकोस, आठवड्यातून एकदा विचार, असं मी म्हणालो. ती दिवसभर बोलली नाही. रात्री म्हणाली, ‘मग सकाळी सहाला मी उठून करायचं काय?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हल्ली ती संध्याकाळची आजीबरोबर ढोलीबुवांच्या मठात कीर्तनाला जायला लागली आहे. हॉस्पिटल बदलायला मला जेवढं जड गेलं, त्यापेक्षा तिला जास्त जातंय, आणि तिच्यासाठी कुठल्याच विभागात कोणी बसलेलं नाही. तुझ्या आईने अधूनमधून तिला फोन केला तर फार बरं होईल. काकूंना माझं नाव न घेता सुचव.

तू मागे विचारलं होतंस त्या नव्या गोळ्यांबद्दल. तीन औषधं एकत्र असलेली ती गोळी, ट्रायकाफ्टा, अमेरिकेत 2019 मध्ये मंजूर झाली. ती लक्षणांवर नाही, मूळ बिघडलेल्या प्रथिनावरच काम करते, आणि माझ्या दोन दोषांपैकी एक तिला दाद देणाऱ्यांतला आहे. पण तेव्हा तिथली छापील किंमत वर्षाला 3 लाख डॉलरच्या आसपास होती. रुपयांत करून बघू नकोस, मी केलंय. आपल्या सरकारचं 2021 चं दुर्मीळ आजारांचं धोरण आहे, बाबा त्याच्या कागदांमागे आहेत. मी आशा सोडलेली नाही, पण तिच्या भरवशावर कॉलेजही थांबवणार नाही.

तर आता कामाचं. खोली बघशील तेव्हा भिंतींना ओल नसलेली बघ. बुरशी मला सोसत नाही, आणि पुण्याचा पाऊस तू सांगतोस तसा असेल तर वरच्या मजल्यावर गच्चीखालची खोली नको. फ्रिज हवाच, कफ पातळ करणारं एक औषध थंडच ठेवावं लागतं. खोलीत कोणी सिगरेट ओढणारा नको, यावर तडजोड नाही. सकाळी आणि रात्री तासभर माझं नेब्युलायझर आणि फिजिओ चालेल, आवाज होतो, तुझी झोपमोड होईल. ते चालणार नसेल तर आत्ताच सांग, मी रागावणार नाही.

आणि एक. थुंकीत रक्ताची रेघ दिसली तर घाबरू नकोस, मी डॉक्टरांना फोन करीन. पण रक्त जास्त असेल, निम्मा कप वगैरे, तर मला न विचारता रिक्षात घाल आणि जवळच्या हॉस्पिटलात ने. आईला फोन तिथे पोचल्यावर कर, आधी नाही. सारांशाची एक प्रत तुझ्याकडे ठेवीन.

बाईंनी पुण्यातल्या एका छातीच्या डॉक्टरांना पत्र दिलंय. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना भेटायला येतोय, बाबा सोबत असतील, पण आत मी एकटा जाणार. गोवा एक्स्प्रेसचं तिकीट काढलंय. येताना तीळ-गुळाचं गजक हवं असेल तर सांग, या दिवसांत ताजं मिळणार नाही, पण बाड्यावरच्या बाजारात विचारून बघतो. काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
ओंकार