मीटरभर कापड घेणाऱ्या बाईचे वस्त्रोद्योग मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वस्त्रोद्योग मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : घरी कपडे शिवण्याचा वाढलेला खर्च आणि किरकोळ विक्रीचे कापड.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी इचलकरंजीत राहते. 1986 साली लग्न होऊन या गावात आले तेव्हा माहेराहून पायमशीन सोबत आणले होते, आणि तेव्हापासून घरातले परकर, झबली, उशांचे अभ्रे, मुलांचे शाळेचे कपडे आणि आता नातीचे फ्रॉक मी त्याच मशीनवर शिवत आले आहे. शिलाई हा माझा व्यवसाय नाही. तुटपुंज्या पगारात घर भागवण्याची ती एक रीत होती. घरी शिवलेले विकतच्यापेक्षा स्वस्त पडते, हे आमच्या पिढीतल्या बायकांना कोणी सांगावे लागत नसे. तो हिशेब आता उलटला आहे.

उदाहरण अगदी साध्या वस्तूचे देते. सहा कळ्यांच्या, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद अशा सहा तुकड्यांच्या, परकराला 36 इंच पन्ह्याचे (रुंदीचे) सव्वादोन मीटर सुती पॉपलीन लागते. परवा मी ते 90 रुपये मीटरने आणले, म्हणजे 202 रुपये 50 पैसे झाले; दोऱ्याचे रीळ 12 रुपयांचे, नाडी 10 रुपयांची. एकूण खर्च जवळपास 225 रुपये, आणि त्यात माझ्या दुपारची किंमत धरलेली नाही. त्याच रस्त्यावर चार दुकाने पुढे तयार परकर 170 रुपयांना टांगलेला होता.

घरी येऊन कापड बेतायला घेतले तेव्हा दुसरी गोष्ट लक्षात आली. दुकानदाराने 36 चा म्हणून दिलेला पन्हा टेप लावल्यावर 34 इंच भरला. एका लांबीत तीन कळ्या उलटसुलट बसतात, तशा दोन लांब्या. प्रत्येक लांबीत दोन इंच गेले म्हणजे परकराचा घेर चार इंचांनी कमी झाला. ज्या बाईला दिवसभर घर आणि कारखाना अशी धावपळ करायची असते, तिचा पाय या चार इंचांनी अडतो. त्यात कापड पाण्यातून काढल्यावर आटले ते वेगळेच. घेर राखायचा तर जादा कापड घ्या, नाहीतर तोकड्यावर भागवा, एवढेच तिच्या हाती उरते.

कापूस महाग म्हणून कापड महाग, असे उत्तर दुकानात हमखास मिळते. मला ते पटत नाही. एका परकराच्या कापडाला, वाया जाणारे धरून, सरकीसकट पाऊण किलोच्या आसपास कापूस लागतो. 2025-26 च्या हंगामाचा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये आहे, म्हणजे कापडाच्या 202 रुपयांतले 60 रुपयांच्या घरात शेतकऱ्याच्या पदरात पडतात, तेही त्याला हमीभाव मिळाला तर. यवतमाळ-वर्ध्याच्या शेतकऱ्याच्या भावातून काही कमी करा, असे मी कदापि म्हणणार नाही. उरलेले 140 रुपये कुठे जातात, एवढेच मला विचारायचे आहे.

त्यातले काही सूतकताई, विणकाम, रंगाई यांचे रास्त दाम आहेत. पण आमच्या गावात प्रामुख्याने कोरे, म्हणजे ब्लीच न केलेले आणि न रंगवलेले, कापड विणले जाते. त्यातले बरेचसे ब्लीचिंग आणि रंगाईसाठी राजस्थानातल्या पाली, बालोतरा किंवा गुजरातेतल्या अहमदाबादला जाते आणि व्यापाऱ्यांच्या दोन-तीन हातांतून फिरून परत आमच्याच पेठेत येते. माझ्या घरामागच्या गल्लीत रात्री अकरापर्यंत मागांचा खडखडाट चालू असतो. त्या मागावरून उतरलेले कापड मला मात्र हजार किलोमीटरच्या वाहतुकीसह विकत घ्यावे लागते. आपल्या शासनाच्या 2023-28 च्या वस्त्रोद्योग धोरणात राज्यातील कापसावर राज्यातच प्रक्रिया होण्याचे प्रमाण 30 टक्क्यांवरून 80 टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. ते वाचून मला मनापासून आनंद झाला होता. परंतु त्या धोरणाचा भर कारखानदार, गुंतवणूक आणि निर्यात यांवर आहे. मीटरभर कापड घेणारी बाई त्यात कुठे बसते, ते मला सापडले नाही.

तयार कपड्यांचा कारखानदार तागेच्या तागे उचलतो, कापडाचे थर एकावर एक ठेवून एकदम बेततो, त्यामुळे त्याच्या चिंध्याही कमी निघतात. मोठ्या खरेदीला कमी भाव मिळणार, हे मला समजते, आणि त्या कारखान्यांत माझ्या ओळखीच्या कितीतरी मुली कामाला आहेत, त्यामुळे तयार कपड्यांबद्दल माझ्या मनात आकस नाही. पण तागा आणि मीटर यांच्या भावात आज जे अंतर आहे, ते केवळ मोठ्या खरेदीच्या सवलतीचे राहिलेले नाही.

कराच्या बाबतीत दिलासा मिळाला, हे प्रांजळपणे नोंदवते. 22 सप्टेंबर 2025 पासून शिलाई मशीन, त्याचे सुटे भाग आणि कृत्रिम धाग्याचा शिलाईचा दोरा यांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. नवे मशीन घेणाऱ्या मुलीला त्याचा चांगला फायदा होईल. मात्र 12 रुपयांच्या रिळावर हा फरक जेमतेम पाऊण रुपयाचा. तो गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाही आणि दुकानदाराला त्याबद्दल दोषही देता येत नाही.

शासनाच्या योजना पाहिल्या तर त्या मशीनपाशी येऊन थांबतात. पीएम विश्वकर्मा योजनेत शिंप्याला अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते, जिल्हा परिषदांच्या योजनांतून बायकांना शिलाई मशीन मिळते. मशीन एकदा येते, कापड, दोरा, अस्तर, कॅनव्हास, काज-बटणे मात्र कायम लागतात. माझ्या शेजारणीला असे मशीन मिळाले आहे आणि सध्या त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवलेले असतात, कारण अस्तरासह ब्लाउज शिवून ती जे मागते, त्यात गिऱ्हाईक तयार ब्लाउज घेऊन जाते.

शिलाईचा खरा खर्च किती, याचा अनुभव शासनालाही आला आहे. 2024-25 मध्ये एक राज्य, एक गणवेश या निर्णयानुसार कापड बेतून आले आणि शिलाई महिला बचत गटांकडे देण्यात आली. एका गणवेशाला 100 रुपये शिलाई आणि 10 रुपये अनुषंगिक खर्च ठरला होता. दोरा, बटणे, इस्त्री आणि ने-आण या 110 रुपयांत बसवणे किती अवघड आहे, हे शिवणाऱ्या कोणाही बाईने पहिल्याच दिवशी सांगितले असते. अनेक शाळांत गणवेश महिनोन्महिने उशिरा पोचले आणि अखेर पुढच्या वर्षापासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेले. बचत गटांना काम द्यायची कल्पना चांगली होती, आणि ती दराच्या आकड्यापायी सोडून द्यावी लागली याचे मला फार वाईट वाटते.

माझी मुख्य मागणी एकच आहे. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी आणि सोलापूर या यंत्रमागाच्या गावांत शासनाने सहकारी संस्थांमार्फत किरकोळ कापड विक्रीची केंद्रे उघडावीत. तिथे पॉपलीन, केंब्रिक, लाँगक्लॉथ, मांजरपाट आणि अस्तर एवढ्याच जाती ठेवल्या तरी पुरे. पण त्या ताग्याच्या भावाच्या जवळपास आणि अर्धा मीटरसुद्धा मागता येईल अशा मिळाव्यात. ही कल्पना नवी नाही. 1964 साली केंद्र सरकारने धोतर, साडी, लाँगक्लॉथ, शर्टिंग आणि ड्रिल या पाच जातींचे कापड नियंत्रित दराने देण्याची योजना आणली होती, आणि माझ्या आईने त्याच लाँगक्लॉथचे आमचे परकर शिवले होते. गिरण्यांवर सक्ती करण्याची ती पद्धत परत आणा, असे मी म्हणत नाही. माग आपल्या दारात असताना मधले हात कमी करावेत, एवढेच म्हणते.

त्या केंद्रांतील प्रत्येक ताग्याच्या काठावर खरा पन्हा आणि धुतल्यावर कापड किती आटते ते छापलेले असावे. खासगी दुकानांतही पन्ह्याची तपासणी वजन-मापे तपासणाऱ्या वैधमापन यंत्रणेने करावी. ते खाते आपल्याकडे नाही, परंतु आपण संबंधित मंत्रिमहोदयांना पत्र लिहिलेत तर त्याला वजन येईल. आणि यापुढे शिलाईचे कोणतेही सरकारी काम बायकांना देताना दर ठरवण्याआधी एक कपडा प्रत्यक्ष शिवून पाहावा. अशा कामासाठी मला बोलावल्यास मी माझे मशीन घेऊन येईन.

कळावे.

आपली विनम्र,
इचलकरंजीतील एक गृहिणी